एका खणात एकच चिठ्ठी

फाटलेल्या कागदाचे दोन तुकडे. एकावर 'घड्याळ', दुसऱ्यावर 'वाले'.

रुग्णालयातली नऊ नंबरची खाट, खिडकीपासून लांब.

बंद पडलेल्या माऊसची वायर, तीन वेढे मारून बांधलेली.

एक शिंपीण जिना उतरते आहे. मागे वळून पाहत नाही.

लाल रेघ नाही. कुठेच लाल रेघ नाही.

खण १

मित्रांनो, या तुकड्यांचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तो संबंध माझ्यापाशी आहे. मी लाकडाची आहे, वय वर्षे सत्तावीस, आणि मला आठ खण आहेत. प्रत्येक खणाला पितळी मूठ आहे आणि मुठीखाली नाव खोचायला लहानशी पट्टी. संगणक शिकवणाऱ्या एका वर्गात माझे आयुष्य गेले. माझ्यातून वीज वाहत नाही, माझ्यावर दिवा लागत नाही. तरीही मी या वर्गातला पहिला संगणक होते, असे आमच्या बाई म्हणत.

मला घडवले ते बाक दुरुस्त करायला आलेल्या सुताराने. उरलेल्या फळ्यांतून. बाईंनी त्याला खणाचे माप बोटांनी दाखवले तेव्हा तो हसला.

"एवढ्याशा खणात ठेवणार काय, बाई? सुया?"

"आकडे."

"आकडे ठेवायला पेटी लागते होय? मी तर डोक्यात ठेवतो."

"म्हणूनच मागच्या बाकाचे चारही पाय वेगवेगळ्या उंचीचे झालेत."

सुताराने रागाने माझे आठही खण केसाचाही फरक न ठेवता एका मापाचे केले. मला वाटते, तो राग माझ्या सांध्यांत उतरला, म्हणूनच मी अजून खिळखिळी झाले नाही.

खण २

बाईंचे नियम दोन होते. एका खणात एकच चिठ्ठी, हा पहिला. नवी घालायची तर जुनी बाहेर काढायची आणि सगळ्यांसमोर फाडायची. नुसत्या बघण्याने खण रिकामा होत नाही, हा दुसरा. एका खणातले दुसऱ्यात न्यायचे तर चिठ्ठी उचलायची नाही, तिची नक्कल लिहायची.

"संगणकाच्या पोटात दुसरं काही नसतं," त्या म्हणायच्या. "नावं लावलेले खण असतात, आणि एका वेळी एकच काम करणारा हात असतो. तो हात सांगितलं तेवढंच करतो. त्याला दया नाही. फाड म्हटलं की फाडतो. म्हणून दया तुम्ही ठेवायची."

शिकायला येणारे सगळे मोठे लोक. वीजवाले, दुकानांतले कारकून, मुलांना मोठे करून मोकळ्या झालेल्या आया. त्यांनी माझ्या खणांतून लहान-मोठ्या आकड्यांच्या रांगा लावल्या, बेरजा केल्या, तेच काम शंभरदा कसे सांगायचे ते शिकले. चिठ्ठ्या फाडून फाडून जमिनीवर कागदांचा सडा पडायचा आणि शिपाईकाका दारात झाडू घेऊन उभे असायचे. त्यांनी कळफलकाला कधी बोट लावले नाही, पण दारात उभे राहून वीस वर्षे सगळे ऐकले.

तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा माझा खण उघडून पाहिला आणि म्हणाले, "हे छान आहे." बस, एवढेच म्हणाले. मी ते शब्द किती वर्षे पुरवून पुरवून खाल्ले, मित्रांनो, सांगायला लाज वाटते.

खण ३

बाईंचे गुडघे गेले, जिना चढवेना, आणि त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी सर आले. तरुण, चटपटीत, प्रत्येक वाक्यात एकदा तरी "पटपट" म्हणणारे. त्यामुळे आठवड्याभरात त्यांचे नाव पटपट सर पडले. त्यांना ते ठाऊक होते आणि आवडतही होते.

त्यांच्याबरोबर नवी यंत्रे आली आणि त्यांत एक नवे सॉफ्टवेअर. तुम्ही दोन अक्षरे लिहिलीत की ते पुढची ओळ स्वतःच सुचवायचे. एक कळ दाबली की ओळ हजर. चुकलात तर शब्दाखाली लाल रेघ उमटायची. पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या पडद्यावर काही ना काही हलू लागले. एका आजींच्या पडद्यावर त्यांचे स्वतःचे नाव मोठ्या निळ्या अक्षरांत झळकले आणि त्या डोळे पुसू लागल्या. मी ते पाहिले. बाईंच्या वर्गात पहिल्या दिवशी कोणाचे डोळे भरून आलेले मला आठवत नाहीत.

मला कपाटावर चढवले. माझ्या खणांत बंद पडलेल्या माऊसच्या वायरी, संपलेले सेल, पेनांची टोपणे भरली. एका खणात एकच चिठ्ठी, हा नियम सांभाळणारी मी, आता एकेका खणात नऊ नऊ वस्तू कोंबलेली.

काका आठवड्यातून एकदा स्टुलावर चढून माझ्यावरची धूळ पुसत. "तुझं नि माझं सारखंच," ते एकदा पुटपुटले. "टाकवत नाही म्हणून ठेवलंय."

खण ४

हा खण अडकतो. हवा दमट झाली की फुगतो. खरे सांगायचे तर मीही जोर लावत नाही. नंतर बघू.

खण ५

हा रिकामा आहे. राहू द्या.

खण ६

आता सिस्टरची गोष्ट.

सिस्टर एका रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डात काम करायच्या. वीस वर्षांची नोकरी. वॉर्डाची वही संगणकावर जाणार असे ठरले तेव्हा मेट्रनबाईंनी त्यांना आमच्या वर्गात शिकायला पाठवले. पहिल्या दिवशी त्या माऊस असा धरून बसल्या होत्या, जशी एखादी घाबरलेली चिमणी मुठीत धरावी. तीन महिन्यांत त्यांनी वॉर्डाचा तक्ता तयार केला. प्रत्येक खाट, तिच्यावरच्या माणसाचे नाव, त्याची औषधे. माणूस आला की नाव घाल, गेला की काढ, खाट बदलली की बदल. सर तो तक्ता पुढच्या वर्गांना दाखवायचे. "बघा, सिस्टरना जमलं, तुम्हाला काय झालं?"

खाटा बदलायच्या दोन ओळी त्यांना सॉफ्टवेअरनेच सुचवल्या होत्या. त्यांनी कळ दाबली. लाल रेघ आली नाही. चालवून पाहिले तेव्हा पडद्यावर 'बदल झाला' अशी अक्षरे उमटली. ती अक्षरे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेली होती, पण पडद्यावर आली की आपलेच शब्दसुद्धा साक्षीदारासारखे वाटतात.

तक्ता वॉर्डात सुरू झाला. चौथ्या दिवशी दोन माणसांनी खाटा बदलून मागितल्या. चार नंबरवर, खिडकीशी, घड्याळे दुरुस्त करणारे एक आजोबा होते. त्यांना वारा सोसेना. नऊ नंबरवर एक बसचालक होता. त्याला रस्ता दिसल्याशिवाय करमेना. सिस्टरनी दोघांना हलवले, तक्त्यावर बदल केला, आणि पाळी संपवून घरी गेल्या.

तक्त्यावर चार नंबरला बसचालक. नऊ नंबरलाही बसचालक. आजोबा कुठेच नाहीत.

पुढच्या पाळीच्या मुलीला वाटले, आजोबांना घरी सोडले. त्यांची संध्याकाळची गोळी निघालीच नाही. आणि नऊ नंबरच्या खाटेसमोर ती बसचालकाची इन्सुलिनची सुई घेऊन उभी राहिली. खाटेवर आजोबा, अर्धवट झोपेत, हात पुढे केलेला. शेजारी त्यांची बायको बसली होती. "साखरेची सुई आहे," मुलगी म्हणाली.

"अगं, साखरेची कशाला? यांना साखर कधीपासून झाली?"

एवढ्या एका प्रश्नाने ते वाचले.

मेट्रनबाईंनी सिस्टरना बोलावले. ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते, असे सिस्टर नंतर काकांना म्हणाल्या. "सोमवारी मला कारण लिहून द्या. दुरुस्ती नको, कारण. ते तुम्हाला सांगता आलं नाही तर तक्ता बंद, आणि तुम्ही त्या दिवसापासून केसपेपरच्या खिडकीवर. जे आपल्याला कळत नाही त्याच्या भरवशावर मी माणसं झोपवणार नाही."

खण ७

शनिवारी दुपारी वर्ग सुटल्यावर सिस्टर आल्या. अंगावर पांढरा गणवेश तसाच, डोळे सुजलेले. सर्व हकीकत त्यांनी उभ्यानेच सांगितली. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी खुर्ची ओढली, तक्ता उघडला, ती जागा शोधली, दोन-चार कळा दाबल्या.

"झालं. सॉफ्टवेअरनं दुसरी पद्धत सुचवली. आता बघा, बदललं की नाही?"

बदलले होते.

"पण आधी का नव्हतं बदललं?"

"आधीची पद्धत चुकीची होती."

"ती पण ह्यानंच सुचवली होती ना, सर?"

"हो, पण… हे बघा सिस्टर, आता चालतंय ना?"

"त्या दिवशीपण चालत होतं." सिस्टरचा आवाज चढला नाही, उलट बसला. "मेट्रनना काय लिहून देऊ? मशीनला आधी एक वाटलं, मग दुसरं वाटलं? आणि अशी चूक आणखी कुठे दडून बसली असेल तर ती मला दिसणार कशी? लाल रेघ तर येत नाही."

सरांना कारण ठाऊक नव्हते असे नाही. पण जे बोटांना ठाऊक असते ते जिभेवर येतेच असे नाही, आणि त्यांनी ते जिभेवर आणायची सवयच ठेवली नव्हती.

दारात झाडू टेकवल्याचा आवाज झाला.

"सर, बोलू का?" काका म्हणाले. "बाई असत्या तर पेटी काढली असती."

"काका, तो वायरींचा डबा आहे."

"डबा तुम्ही केलात तिचा."

हे बोलून काकांची पाचावर धारण बसली असावी, कारण उत्तराची वाट न बघता ते स्टुलावर चढले. मला खाली घेतले. वायरी, सेल, टोपणे, सगळे टेबलावर उपडे केले. सात वर्षांनी माझ्या खणांना हवा लागली.

काकांनी सिस्टरना दोन्ही नियम सांगितले, अगदी बाईंच्या शब्दांत, बाईंच्या हातवाऱ्यांसकट. माझ्या पहिल्या खणाला 'खाट ४' अशी पट्टी लागली, दुसऱ्याला 'खाट ९'. सिस्टरनी पहिल्यात 'घड्याळवाले' अशी चिठ्ठी ठेवली, दुसऱ्यात 'बसचालक'.

"सर, तुम्ही ते पहिलं लिखाण वाचा," काका म्हणाले. "एकेक ओळ. ताई, तुम्ही मशीन व्हा. डोकं वापरायचं नाही, फक्त हात."

सरांनी जुन्या ओळी परत पडद्यावर आणल्या आणि पहिली वाचली. "खाट चारमध्ये खाट नऊचं नाव घाल."

सिस्टरनी दुसरा खण उघडला, 'बसचालक' वाचले, तशीच चिठ्ठी लिहिली. पहिला खण उघडला. आत चिठ्ठी होती.

"फाडा," काका म्हणाले.

त्यांनी फाडली. नवी ठेवली.

"आता दुसरी ओळ. खाट नऊमध्ये खाट चारचं नाव घाल."

त्यांनी पहिला खण पुन्हा उघडला, आत पाहिले, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांच्या डाव्या मुठीत कागदाचे दोन तुकडे होते. त्यांनी मूठ उघडली.

"मीच फाडलं की त्यांना," त्या म्हणाल्या.

मग त्या एकदम चिडल्या, स्वतःवरच.

"पण वॉर्डात आम्ही असं कधी करतच नाही! दोघांची अदलाबदल करायची तर एकाला आधी स्ट्रेचरवर घेतो. मग दुसऱ्याला त्याच्या खाटेवर. मग स्ट्रेचरवरच्याला त्याच्या. भरलेल्या खाटेवर कोण माणूस झोपवतं? पहिल्या महिन्याला आलेली पोरगी पण नाही झोपवत!"

आणि कोणी न सांगता त्यांनी माझा पाचवा खण ओढला. पट्टीवर लिहिले, 'स्ट्रेचर'. 'घड्याळवाले' ही चिठ्ठी नव्याने लिहून पहिल्या खणात ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चारच्या नावाची नक्कल स्ट्रेचरवर. नऊच्या नावाची नक्कल चारमध्ये. तिथली जुनी चिठ्ठी या वेळी त्यांनी 'फाडा' ऐकायची वाट न बघता फाडली, कारण आजोबा स्ट्रेचरवर सुखरूप होते. मग स्ट्रेचरवरचे नाव नऊमध्ये.

तीन ओळी. एवढीच गोष्ट.

इथे मी गोष्ट संपवली असती, मित्रांनो, तर ती माझ्या मोठेपणाची झाली असती. पण ती अर्धीच होती. सर इतका वेळ पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. ते म्हणाले, "थांबा जरा." त्यांनी त्याच सॉफ्टवेअरमधली एक चौकट उघडली, जी त्यांनी आजवर कोणत्याच वर्गाला दाखवली नव्हती. एक कळ दाबली की प्रोग्रॅमची एकच ओळ पुढे सरके, आणि बाजूच्या चौकटीत प्रत्येक नावापुढे त्या क्षणी आत काय आहे ते दिसे.

काकांनी चष्मा लावला आणि वाकून पाहिले. "अरेच्चा, ही तर पेटीच आहे! काचेतली."

"हो," सर म्हणाले. "मला वाटायचं हे अवघड आहे, नवख्यांना नको."

"अवघड काय त्यात? तुम्ही आधी खण दाखवले नाहीत, म्हणून अवघड."

सर हसले नाहीत, पण मान हलवली.

मग सिस्टर आणि सर अख्खा तक्ता ओळीओळीने चालवत गेले. शंभराच्या वर ओळी. माझ्या खणांत ते करायचे तर चिठ्ठ्यांचे पोते लागले असते आणि महिना गेला असता. त्या चौकटीत तासाभरात झाले. आणि रुग्ण दुसऱ्या वॉर्डात पाठवायच्या ओळींत तीच चूक पुन्हा सापडली. ती सरांना नाही, सिस्टरना दिसली. "इथे पण स्ट्रेचर नाहीये," त्या म्हणाल्या, आणि पडद्यावर बोट ठेवले.

खण ४, पुन्हा

जोर लावते.

बाईंच्या काळात एक शिंपीण शिकायला यायची. दुकानातली मापे संगणकावर ठेवायची, एवढीच तिची इच्छा. हुशार होती. माझे नियम तिला दोन दिवसांत पाठ झाले. पण बाई दहा आठवडे कोणाला यंत्राला हात लावू देत नसत. पाया पक्का झाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. सहाव्या आठवड्यात ती उभी राहिली.

"बाई, राग मानू नका. मी पोरींना शिवण शिकवते, तर पहिल्या दिवशी कात्री हातात देते. वाकडं कापतात, रडतात, पण कापतात. तुम्ही आम्हाला नुसतं कापड कसं विणतात ते सांगताय."

"घाई केलीस तर पाया कच्चा राहील."

"पायाच भरत बसले तर घरात राहायला कधी जाणार?"

ती जिना उतरून गेली. बाईंना वाईट वाटले. मला वाटले नाही. मला वाटले, बरे झाले, जिला खणांची किंमत नाही ती गेली. आज सांगते, ती माझी घमेंड होती. ती परत आली नाही. तिच्या पाठोपाठ तशाच आणखी किती जणी गेल्या, ते मी मोजले नाही.

खण ८

सोमवारी सिस्टरनी एका पानावर कारण लिहून दिले. मेट्रनबाईंनी ते दोनदा वाचले.

"म्हणजे स्ट्रेचर विसरलात?"

"हो."

"वीस वर्षांत खरा कधी विसरला नाहीत."

"खरा डोळ्यांना दिसतो, मॅडम. हा दिसत नव्हता."

मेट्रनबाईंनी दुसरी चूक कुठे सापडली तेही विचारले, आणि सिस्टरनी सांगितले. तक्ता लगेच सुरू झाला नाही. दोन महिने वही आणि तक्ता दोन्ही भरायचे, रोज ताडून पाहायचे, असे ठरले. सिस्टर वॉर्डातच राहिल्या. पण आजोबांच्या बायकोला हे सगळे त्यांनी स्वतः जाऊन सांगायचे, ही मेट्रनबाईंची अट होती.

सिस्टर गेल्या. चूक माझी होती, म्हणाल्या. त्या म्हातारीने शांतपणे ऐकले.

"पण सुई थांबवलीत ना वेळेवर?"

"मी नाही थांबवली," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही थांबवली."

हे सगळे त्यांनी काकांना पुढच्या शनिवारी सांगितले, चहाचा कप हातात निवत असताना. काकांनी झाडू खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मित्रांनो, आता माझी जागा सरांच्या टेबलावर, संगणकाच्या शेजारी आहे. पहिला अर्धा तास लोक माझ्यात चिठ्ठ्या घालतात, फाडतात, हसतात. त्याच दिवशी, त्याच तासाला, ते यंत्राला हात लावतात. निळ्या अक्षरांत आपले नाव बघतात, आणि कोणी कोणी डोळेही पुसतात. मग सर ती एकेक ओळ सरकवणारी चौकट उघडतात. ते अजूनही "पटपट" म्हणतात. फक्त ती चौकट उघडली की म्हणत नाहीत.

मला जपा, पुसा, तेल लावा, असे मी मागणार नाही. लाकूड आहे, एक दिवस कीड लागेल. माझे मागणे दुसरेच आहे. तुमच्या हातात रोज नवी नवी साधने येतील, माझ्यापेक्षा हजारपट चलाख. ती आनंदाने वापरा. शिकायला आलेल्याला दारात तिष्ठत ठेवू नका, पहिल्या दिवशीच त्याच्या हातात कात्री द्या. पण साधन जेव्हा म्हणेल 'बदल झाला', तेव्हा क्षणभर थांबा आणि विचारा, आत कोणती चिठ्ठी फाटली? हा प्रश्न विचारायला तुम्हाला शिकवणारे कोणी असेल तर त्याला कपाटावर चढवू नका. आणि तुम्ही स्वतःच शिकवणारे असाल, तर जे तुमच्या बोटांना येते ते एकदा जिभेवर आणून बघा.

सरांनीही परवा एक गोष्ट जिभेवर आणली: आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम त्यांनी वहीत खण आखून, पेन्सिलीने लिहिला होता. तेव्हा ते अकरा वर्षांचे होते, आणि त्यांच्या घरी संगणक यायला अजून तीन वर्षे होती.